गोठ्याच्या माळ्यावरची गॅसबत्ती: बफ मारायच्या आधी

प्रश्न थोडक्यात असा आहे. काटोलकडच्या जुन्या घराची आवराआवर करताना गोठ्याच्या माळ्यावर, कवेलूंच्या खाली, एक गॅसबत्ती सापडली. टाकीवर 'पेट्रोमॅक्स' आणि 'मेड इन जर्मनी' एवढं वाचता येतं, बाकीचं हिरव्या थराखाली आहे. पंपाचा दांडा आतबाहेर होतो, पण हवा धरत नाही. नागपूरच्या इतवारीतला एक पॉलिशवाला दोन दिवसांत बफ मारून सोन्यासारखी करून देतो म्हणतो. बत्ती किती जुनी, पॉलिश करावं का, आणि येत्या दिवाळीत अंगणात पेटवता येईल का?

पॉलिशचं आधी सांगतो, कारण ते थांबवायला हवं. बफ मारू नका. पॉलिशवाल्याचा दोष नाही. त्याच्याकडे येतात ती भांडी, आणि भांड्यात कोणी हवा भरत नाही. तुमच्या टाकीत मात्र रॉकेलच्या वर दर चौरस सेंटीमीटरला दोन किलोच्या आसपास दाब उभा राहणार आहे. बफचं चाक फिरलं की पहिल्यांदा मूळ निकेलचा थर जातो. मग ठशांच्या कडा जातात, म्हणजे वय ठरवायचा पुरावाच जातो. आणि पत्र्यात बारीक चीर असेल तर वरचा धातू पसरून ती बुजते, हे सगळ्यांत वाईट. बत्ती चकाकते, चीर तशीच राहते, फक्त आता ती कोणाला दिसत नाही.

चिरेचं भय मी उगाच घालत नाही. 'गोठ्याच्या माळ्यावर' हे वाचलं आणि मला बाकी सगळं नंतर दिसलं. टाकी कशी बनते ते बघा: पितळेचा पत्रा ठशात दाबून, ओढून तिला फुगीर आकार देतात, आणि त्या ओढण्याचा ताण पत्र्यात कायमचा राहून जातो. गोठ्यात जनावरांच्या मुतातून अमोनिया निघतो, तो वर चढतो, पावसाळ्यात दमट हवेत विरघळून धातूवर बसतो. ताण असलेलं पितळ आणि अमोनिया एकत्र आले की पत्रा आपोआप उलतो, कोणी हात न लावता. ब्रिटिश फौजेने हा अनुभव हिंदुस्थानातच घेतला. तबेल्यांत ठेवलेल्या काडतुसांची पितळी नळकांडी पावसाळ्यात चिरायची, आणि त्यामागे अमोनिया आहे हे १९२१ साली संशोधनातून नीट मांडलं गेलं. माडीवरच्या कपाटात राहिलेली बत्ती आणि गोठ्यावर राहिलेली बत्ती एकाच सालची, एकाच कारखान्याची असली तरी माझ्या टेबलावर त्या दोन वेगळ्या वस्तू असतात.

या चिरा कुठे येतात? जिथे पत्रा सगळ्यांत जास्त ओढला किंवा दुमडला गेलाय तिथे. टाकीच्या गळ्याभोवती, जिथे वरचा सांगाडा बसतो. रॉकेल ओतायच्या तोंडाच्या कडेला. पंपाची नळी टाकीत शिरते त्या भोकाजवळ. आणि तळाच्या दुमडीवर. नखाला त्या लागत नाहीत. अंधाऱ्या खोलीत टॉर्च पत्र्याला जवळजवळ आडवी धरा आणि टाकी हळूहळू फिरवा. केसासारखी, फाटे फुटलेली काळी रेघ दिसली तर समजून घ्या.

नुसत्या डोळ्यांवर विसंबू नका. टाकी धुऊन वाळली की आत पेलाभर रॉकेल घाला, तोंडं बंद करून ती सगळ्या अंगांवर लोळवा, दर बाजूवर थोडा वेळ ठेवा. दाब अजिबात द्यायचा नाही. मग बाहेरून कोरड्या फडक्याने पुसून खडूची पूड पाण्यात कालवून तिचा पातळ हात मारा आणि वाळू द्या. चीर आरपार असेल तर पांढऱ्या थरावर ओलसर राखाडी रेघ उमटते, आधी अंधूक, मग ठळक. ही युक्ती माझी नाही. रेल्वेच्या कारखान्यांत आस आणि चाकं तपासायला तेल आणि खडूचीच परीक्षा होती, आजच्या रंगीत द्रवांच्या किती तरी आधी. रेघ उमटली तर ती टाकी दाबाच्या कामातून कायमची गेली. वरून डाग देऊन भागत नाही, कारण चीर एक दिसली तरी ताण सगळ्या पत्र्यात आहे, आणि झाळण्याच्या उष्णतेने शेजारी दुसरी उघडते. 'मी झाळून देतो, काही होत नाही' म्हणणारे भेटतील. त्यांना म्हणावं, तूच पेटव आणि तूच जवळ बस.

आता वयाकडे.

आपल्याकडे कोणत्याही गॅसबत्तीला पेट्रोमॅक्सच म्हणतात, त्यामुळे घरच्यांचं सांगणं इथे पुरावा धरता येत नाही. तुमच्या टाकीवर नाव उठवलेलं आहे ही चांगली गोष्ट, तरी नावाच्या आधीचा इतिहास दोन वाक्यांत हवा, नाहीतर खुणा कळत नाहीत. ऑस्ट्रियाच्या कार्ल आउअर फॉन वेल्सबाख या रसायनशास्त्रज्ञाने १८८५ मध्ये मेंटलचं, म्हणजे ज्योतीत तापून उजेड देणाऱ्या जाळीच्या पिशवीचं, पेटंट घेतलं, पण ते मेंटल नाजूक होतं आणि उजेड हिरवट पडायचा. १८९१ मध्ये ९९ टक्के थोरियम ऑक्साइड आणि १ टक्का सीरियम ऑक्साइड हे प्रमाण सापडलं आणि पांढराशुभ्र उजेड आला. रॉकेलची वाफ दाबाने मेंटलमध्ये जाळायची कल्पना आर्थर किटसनने चालती केली. जुन्या मराठी लिखाणात मांडवातल्या 'किटसनच्या बत्त्या' येतात त्या याच. उंचावर टांगलेला मोठा दिवा, टाकी वेगळी, मधून बारीक नळी. हे सगळं आटोपशीर करून एका हातात धरता येईल अशी बत्ती १९१० च्या सुमारास बर्लिनच्या एहरिख अँड ग्रेट्झ कंपनीने आणली. पेट्रोलियममधलं 'पेट्रो' आणि मालक माक्स ग्रेट्झ यांच्या नावातला 'मॅक्स', असं ते नाव.

एक गंमत सांगून पुढे जातो. त्या जर्मन मेंटलांतलं थोरियम मोनाझाइट वाळूतून यायचं, आणि शॉमबर्ग नावाच्या जर्मन रसायनशास्त्रज्ञाला १९०९ मध्ये ती वाळू त्रावणकोरच्या किनाऱ्यावर सापडली. म्हणजे बर्लिनहून नागपूरला आलेल्या बत्तीचा उजेड मुळात आपल्याच दक्षिण टोकाचा असू शकतो.

'मेड इन जर्मनी'वरून साल निघत नाही. ब्रिटनच्या १८८७ च्या कायद्याने परदेशी मालावर देशाचं नाव घालणं भाग पडलं, हिंदुस्थानात तसाच कायदा १८८९ मध्ये आला, आणि तेव्हापासून हे शब्द सगळ्या मालावर आहेत. पण दोन महायुद्धं इथे मदतीला येतात. १९१४ ते १९१८ आणि १९३९ ते १९४५ या काळात जर्मन माल नागपुरात येणं शक्यच नव्हतं. युद्धानंतर बर्लिनचा कारखाना सोव्हिएत हद्दीत गेला आणि पश्चिमेकडच्या बत्त्या आल्टेना गावी बनू लागल्या. त्यावर 'वेस्टर्न जर्मनी', 'वेस्ट जर्मनी' किंवा आल्टेनाचं नाव सापडतं. तेव्हा नुसतं 'जर्मनी' असेल आणि ठसा खरा असेल, तर टाकी बहुधा १९३९ पूर्वीची. पहिल्या युद्धाच्या आधीची की नंतरची, हे बाकीच्या भागांवरून ठरवावं लागेल.

नेमकी इथेच लोकांची गफलत होते. पन्नास वर्षं वापरलेली बत्ती एका सालची राहत नाही. टाकी बर्लिनची, टोपी मुंबईच्या बाजारातली, काच कोणत्या तरी जत्रेत फुटून बदललेली, वाफ सोडणारं बारीक भोकाचं निपल गेल्या पिढीतलं. लग्नाच्या वरातीत डोक्यावर, मंडईच्या जत्रेत रात्री दंडारीच्या लोकनाट्यात, झाडीपट्टीच्या नाटकांत या बत्त्यांनी जे सोसलंय त्यात मूळ काच टिकली तर नवलच. म्हणून मी प्रत्येक भागाचं वय वेगळं मांडतो आणि बत्तीचं वय म्हणून फक्त टाकीचं सांगतो.

तुमच्याकडे काय बघायचं ते सांगतो. तळ उलटा करून फोटो काढा, उजेड बाजूने पाडा. आकडे असतील तर ते लिहून ठेवा. ८२९ हा आकडा ५०० मेणबत्त्यांच्या नमुन्याचा. ५०० च्या पुढे एचके असेल तर ते जर्मन मोजमाप आहे, हेफ्नर नावाच्या प्रमाण दिव्यावरचं. सीपी, म्हणजे कँडल पॉवर, असेल तर इंग्रजी बाजारासाठी घातलेलं. सीपी दिसलं म्हणून बत्ती जर्मन नाही असं म्हणू नका, निर्यातीच्या मालावर जर्मन लोकही सीपी छापत. उलट नकला करणाऱ्यांनी एचके छापलेलंही सापडतं.

मग पेटवायची सोय बघा. सुरुवातीच्या बत्त्यांना वाफनळीच्या, म्हणजे तापून रॉकेलची वाफ करणाऱ्या नळीच्या, खाली फक्त स्पिरिटची वाटी असते. टाकीतून छोट्या तोटीवाटे रॉकेलचा पेटता फवारा सोडून दीड-दोन मिनिटांत नळी तापवायची सोय, ज्याला दुकानात 'रॅपिड' म्हणतात, ती नंतरची. तुमच्या टाकीवर पंपाशेजारी एक लहान दांडीवाली तोटी आहे का? असेल तर बत्ती पहिल्या पिढीची नाही. नसेल तर तिथे भोक बुजवल्याची खूण आहे का तेही बघा.

झाकणातल्या दाबाच्या काट्याचंही तसंच. साधं झाकण आणि हवा सोडायचा स्क्रू, काटा नाही, ही जुनेपणाच्या बाजूची खूण आहे. पण झाकण हा सगळ्यांत सहज बदलणारा भाग, तेव्हा त्यावर एकट्यावर भिस्त ठेवू नये.

मुलामा बघा. निकेल किंचित पिवळसर, उबदार दिसतं. क्रोम निळसर, थंड. व्यापारी क्रोम-मुलामा १९२० च्या दशकाच्या मध्यापासून सुरू झाला, म्हणून क्रोम असलेली 'पहिल्या महायुद्धाची' बत्ती कोणी विकत असेल तर एक तर मुलामा नंतरचा आहे किंवा गोष्ट. चुंबक लावून बघायला हरकत नाही, फक्त साधं घ्या. हल्लीचं छोटं जबरदस्त चुंबक निकेलच्या जाड थरालाही हलकं ओढतं आणि चांगल्या पितळेला लोक लोखंड समजून बसतात. स्क्रूच्या डोक्यावर अधिकचं चिन्ह असेल तर तो स्क्रू १९३० च्या दशकाआधीचा असूच शकत नाही. काचेवर शॉट कंपनीचं येना गावाचं चिन्ह मिळालं तर छान, माइन्झ गावाचं नाव असेल तर ती काच १९५० नंतरची, कारण कंपनी युद्धानंतर तिकडे गेली.

तुमची बत्ती पेट्रोमॅक्स आहे, पण नागपुरात हे सगळ्यांना उपयोगी पडेल म्हणून इतरांच्या खुणाही लिहितो. कामठीची छावणी, रेल्वे, खाणी, जंगलखातं यांमुळे आपल्याकडे इंग्रजी आणि अमेरिकी बत्त्याही बऱ्याच निघतात. ब्रिटिश टिलीच्या वाफनळीला स्पिरिटचा चिमटा बाहेरून अडकवायचा असतो, आणि त्या चिमट्याच्या जुन्या वातीत ॲस्बेस्टॉस असतं. तिला कोरडी खरडू नका. हॅलिफॅक्सच्या विलिस अँड बेट्सची व्हॅपालक्स फौजेत गेली, तिच्यावर सरकारी बाणाचं चिन्ह सापडतं. स्वीडनच्या प्रायमसचं काम सगळ्यांत सोपं: १९११ साठी ए, १९१२ साठी बी, अशी अक्षरं ठोकलेली असतात. अमेरिकी कोलमनला बहुतेकदा दोन लहान मेंटलं असतात, आणि तिथे एक धोका आहे. जुन्या क्विक-लाइट बत्तीला स्पिरिटची वाटी नसते, कारण ती पेट्रोलसारख्या हलक्या इंधनावर चालते. तिच्यात रॉकेल घातलं तर भडकून काजळी होते एवढंच. पण तिचं बघून कोणी पेट्रोमॅक्समध्ये पेट्रोल घातलं तर बत्ती हातात उरणार नाही. वाटी आहे का, हे इंधनाआधी बघा.

नकलांबद्दल एवढंच की बटरफ्लाय, अँकर ही चिनी-हाँगकाँगची नावं, इपोलितो पोर्तुगालची, प्रभात आपली. या वाईट नाहीत. प्रभातचे सुटे भाग पेट्रोमॅक्सला बसतात म्हणून मी त्या फेकू देत नाही. १९५७ नंतर परकीय चलनाची ओढाताण झाली, आयात आवळली गेली, आणि पुढच्या बत्त्या मुख्यतः देशी आहेत. वाईट काय, तर गेल्या काही वर्षांत बनलेली, चकचकीत पितळेची, 'अँटिक जर्मन' म्हणून विकली जाणारी वस्तू. तिचा ठसा उथळ आणि गोलसर असतो, अक्षरांचं अंतर कमीजास्त. खरा ठसा पत्र्याला दाबून उठवलेला असतो. टाकीच्या आत टॉर्च टाकून आरसा धरला तर त्याची उलटी सावली पाठीमागे दिसते.

आता दुरुस्ती, आणि तीही याच क्रमाने.

पहिल्यांदा एकेक भाग सुटा करण्यापूर्वी चारही बाजूंनी फोटो. मग गंजलेल्या आट्यांवर भेदक तेल घालून रात्रभर सोडून द्या. पक्कड वापरू नका, पितळेच्या षटकोनाच्या कडा एकदा गोल झाल्या की झाल्या. बरोबर मापाचा पाना शोधा, लोहाओळीत चिकाटीने शोधलं तर मिळतो. टाकीला आच लावायची नाही. तिचे सांधे मऊ डाकाचे असतात, तो साधारण १८५ अंशांनाच वितळतो, आणि आत जुन्या रॉकेलची वाफ असते ती वेगळीच.

आतला चिकट पिवळा थर आधी थोड्या ताज्या रॉकेलने भिजवून काढा, मग कोमट पाणी आणि धुण्याचा सोडा, सोबत मूठभर लहान पितळी नट टाकून हलवा. बाहेरच्या हिरव्या थराला पाण्यात पातळ केलेलं लिंबूसत्त्व पुरतं, किंवा चिंच. मऊ ब्रश, काही मिनिटं, आणि भरपूर पाणी. पितांबरी चालते, पण निकेल शिल्लक असेल तिथे घासू नका. संडास साफ करायचं ॲसिड तर मुळीच नको, ते जस्त खातं आणि पितळ गुलाबी पडतं. बाटलीतल्या पॉलिशचं झाकण उघडून वास घ्या. डोळ्यांत पाणी आणणारा उग्र वास आला तर ते अमोनियावरचं आहे, आणि तुमच्या टाकीने अमोनिया आधीच पुष्कळ पाहिलाय.

पंप हवा धरत नाही त्याचं कारण जवळजवळ नक्की चामड्याची वाटी. गोठ्यावर वाळून ती पापडासारखी कडक झाली असणार. काढून पाण्यात नव्हे, एरंडेल तेलात एक-दोन दिवस भिजवा, बोटांनी तिच्या कडा बाहेरच्या बाजूला वळवत राहा. आपल्याकडे हाताशी जवसाचं तेल असतं, पण ते वापरू नका. जवस वाळून राळेसारखं घट्ट होतं, म्हणूनच ते रंगात चालतं. वाटी तुटली असेल तर मोच्याकडून पातळ चामडं आणून ओलं करून साच्यावर ओढा.

वाटी सुधारूनही दांडा आपोआप वर येत असेल तर पंपाच्या तळातला एकमार्गी व्हॉल्व्ह गळतो. लांब पेचकसाने तो सोडवावा लागतो, आणि ते जपून करा, त्याचं डोकं मऊ पितळेचं असतं. आत स्प्रिंगवर बसलेलं मुगाएवढं रबर असतं. इथे आणि सगळ्या वायसरांना सायकलच्या ट्यूबचे तुकडे लावायची आपली जुनी सवय आहे. ते रबर रॉकेल पिऊन फुगतं आणि महिन्याभरात लोळागोळा होतं. डिझेल पंपाचं सामान विकणाऱ्याकडे नायट्राइल रबराचे वायसर मिळतात, ते घ्या. वाफनळी टाकीला बसते तिथला शिशाचा वायसर एकदा दाबला गेला की परत वापरायचा नाही.

वाफनळीत काजळीचे कडक खडे असतात. पातळ पोलादी तार, सतारीची जुनी चालेल, घालून हळूहळू फिरवत ओढा. निपलच्या भोकात मात्र तार घालायची नाही. त्या भोकासाठी त्याची स्वतःची सुई आहे, चक्री फिरवली की ती वर येते. भोक केसभर मोठं झालं तरी ज्योत पिवळी होते, मेंटल काळं पडतं, आणि लोक महिनाभर वाफनळीलाच दोष देत बसतात. निपल स्वस्त आहे, नवीन घाला, जुनं पुडीत बांधून बत्तीबरोबर ठेवा.

यापेक्षा जास्त वेळा जो दोष निघतो तो कोणाच्या ध्यानात येत नाही: हवा मिसळणारी वाकडी नळी. कुंभारीण माशी तिच्यात मातीचं घर बांधते, कोळी जाळं विणतो. बाहेरून सगळं ठीक, पेटवल्यावर मात्र बत्ती भसाभस धूर ओकते. माळ्यावरून उतरलेल्या बत्तीत ती नळी आधी बघा. टॉर्चचा उजेड एका बाजूने टाकून दुसऱ्या बाजूला गोल तबकडी दिसली पाहिजे.

टोपीवरचे आणि टाकीवरचे पोचे तसेच राहू द्यावेत असं माझं मत. फारच खोल पोचा असेल आणि चीर नसेल तर भंडाऱ्याला घेऊन जा. तिथल्या पितळेच्या कारागिरांचा हात आपल्या इथल्या डेंटिंगवाल्यापेक्षा हलका आहे. पण त्यांनाही आधी सांगा की टाकी तापवायची नाही.

सगळं जुळलं की दाबाची परीक्षा. टाकी गळ्यापर्यंत पाण्याने भरा, वरचं तोंड बुचाने बंद करा आणि पंपाने तीन किलोपर्यंत दाब द्या. पाणी दाबलं जात नाही, त्यामुळे पत्रा गेलाच तर नुसतं पाणी सांडतं. हवेने भरलेली टाकी फुटली तर पत्र्याचे तुकडे उडतात. हे पार पडल्यावर पाणी काढून वाळवा, एक किलो हवा भरून बादलीत बुडवा आणि बुडबुडे बघा. तासाभराने काटा जागच्या जागी असेल तर पुढे जा.

मेंटल नवं घ्या, हल्लीच्या मेंटलांत थोरियमऐवजी बहुधा यट्रियम असतं. माळ्यावर जुन्या मेंटलची पाकिटं सापडली असतील तर उघडून फुंकर मारू नका. थोरियम किरणोत्सारी आहे. बाहेरून त्याचा त्रास नगण्य, पण राख श्वासात जाऊ नये. नवं मेंटलही पहिल्यांदा बाहेर, वारा येतो त्या दिशेकडे पाठ करून जाळावं.

पेटवताना चक्रीवरचा बाण वर म्हणजे निपल बंद. वाटीत स्पिरिट भरून पेटवा, ते संपत आलं की पुन्हा एकदा भरा. विदर्भात थंडी असो नसो, दुसरी वाटी द्यायला कंजूसपणा करू नका. दुसरं स्पिरिट विझायच्या बेतात असताना थोडी हवा भरा, बाण खाली करा. निळसर फुरफुर झाली आणि मेंटल पांढरं पडलं की हळूहळू काट्याच्या लाल रेघेपर्यंत हवा. पिवळी ज्वाळा वर आली तर पंप मारत राहू नका, हवा सोडा, थंड होऊ द्या, पुन्हा तापवा. ५०० मेणबत्त्यांची बत्ती लिटरभर रॉकेलवर आठ तास चालते.

रॉकेल रेशनचं निळं मिळालं तर गाळून घ्या. रंगाच्या दुकानातलं टर्पेंटाइन चालवू नका. आणि नागपूरकरांसाठी खास: आपल्याकडे रॉकेल ३५ अंशांच्या खाली भडका घेणारं नसावं असा दंडक आहे. मेमध्ये आपल्या सावलीतच ४५ अंश असतात. म्हणजे उन्हाळ्यात झाकण उघडलं की वर येणारी वाफ ठिणगीने पेटू शकते, आणि रॉकेल सुरक्षित ही आपली समजूत त्या महिन्यांत खोटी पडते. दुरुस्तीच्या चाचण्या त्या दिवसांत पहाटे करा. दिवाळीला हा प्रश्न नसतो.

तेव्हा दिवाळीचं उत्तर टाकीवर आहे. खडूवर रेघ उमटली नाही आणि पाण्याची परीक्षा पार पडली, तर अंगणात खुशाल पेटवा. मुलांना हाताच्या अंतराबाहेर ठेवा, बंद खोलीत किंवा पडद्यांजवळ नको, आणि पेटत्या बत्तीत रॉकेल ओतायचं नाही, आधी हवा सोडून थंड होऊ द्या. रेघ उमटली तर टाकीला भोक न पाडता, निपल काढून मेंटलच्या जागी छोटा एलईडी दिवा टांगा, तार हवा मिसळायच्या नळीतून वर जाते. टोपी, काच, ठसे सगळं जागेवर राहतं, आणि पुढे कधी त्याच नमुन्याची चांगली टाकी मिळाली तर वरचा सांगाडा तिच्यावर तसाच बसतो.

धुऊन झाल्यावर तळाचा, गळ्याचा आणि पंपाशेजारच्या जागेचा फोटो पाठवा. तोटी आहे की नाही हे कळलं की सालाबद्दल याहून पक्कं सांगता येईल.